चांद्याचा बर्फ आणि अंटार्क्टिकाचे डोंगर

अंटार्क्टिकाच्या रॉस समुद्राकडच्या टोकापासून वेडेल समुद्राकडच्या टोकापर्यंत सुमारे साडेतीन हजार किलोमीटर लांबीची एक डोंगररांग पसरली आहे. ट्रान्सअंटार्क्टिक पर्वत म्हणून ती ओळखली जाते. तिचं सर्वोच्च शिखर माउंट कर्कपॅट्रिक ४,५२८ मीटर उंच आहे, आणि तिच्या खिंडींतून ध्रुवीय पठारावरचा बर्फ हिमनद्यांच्या रूपाने खाली उतरतो. त्या खंडाचा जवळजवळ सगळा खडक बर्फाखाली गडप आहे. या रांगेचे कडे मात्र उघडे आहेत, म्हणून अंटार्क्टिकाचा इतिहास वाचायचा तर इथेच यावं लागतं. बियर्डमोर हिमनदीच्या काठच्या कड्यांवर नजर खालून वर नेली की क्रम असा दिसतो: तळाकडे बर्फाने आणून टाकलेल्या गोट्यांचा थर, त्यावर कोळशाचे पट्टे, त्यावर प्राचीन उभयचर आणि सरपटणाऱ्या प्राण्यांची हाडं असलेले वालुकाश्म, आणि माथ्याला काळा बेसॉल्ट.

वरोरा, माजरी, घुग्घुस, बल्लारपूर, राजुरा या पट्ट्यात कोळशासाठी बोअर घेणाऱ्या कुठल्याही भूवैज्ञानिकाला हा क्रम ओळखीचा वाटेल. तळाला तालचेर नावाचा गोट्यांचा थर, त्यावर बराकर थरांतला कोळसा, त्यावर कामठीचे वालुकाश्म. दक्षिणेला प्राणहितेच्या काठाने गेलं की आणखी वरचे, प्राण्यांच्या हाडांचे थर. आणि पश्चिमेकडे या सगळ्यावर दख्खनचा बेसॉल्ट. दोन्हीकडचा बेसॉल्ट एका काळातला नाही. अंटार्क्टिकाचा सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीचा, आपला साडेसहा कोटींच्या आसपासचा. पण खालची मांडणी इतकी सारखी आहे की योगायोग म्हणून ती सोडून देता येत नाही, आणि एकोणिसाव्या शतकापासून कोणी ती तशी सोडलेलीही नाही.

चंद्रपूर म्हटलं की आपल्याला कोळसा, सिमेंट आणि ताडोबाचे वाघ आठवतात. गडचिरोली म्हटलं की जंगल आणि सुरजागडचं लोखंड. मे महिन्यात पारा ४६-४७ अंशांवर जाणाऱ्या या मुलखाच्या संदर्भात बर्फाचं नाव कोणी काढत नाही. वास्तविक हा भाग एके काळी बर्फाखाली होता याचे पुरावे दीडशे वर्षांपूर्वी इथेच सापडले, आणि उष्ण प्रदेशातल्या प्राचीन हिमयुगाचे जगात जे पहिले काही पुरावे मिळाले त्यांत त्यांची गणना होते. हा शोध कसा लागला, त्यावर काय वाद झाले, ध्रुवावरच्या डोंगरांनी त्यात कोणती भर घातली आणि काय ठरायचं राहिलं आहे, याचा हा आढावा.

सुरुवात चांद्यात, म्हणजे आजच्या चंद्रपुरात, झाली नाही, ओडिशात झाली. १८५६ साली विल्यम आणि हेन्री हे ब्लॅनफर्ड बंधू आणि विल्यम थिओबाल्ड तालचेरच्या कोळसा क्षेत्राची पाहणी करत होते. कोळशाच्या थरांखाली त्यांना एक विचित्र खडक दिसला: बारीक पोताचा, हिरवट चिखल आणि त्यात विखुरलेले मोठमोठे गोटे. नदी गोटे वाहून नेते तेव्हा बारीक गाळ पुढे जातो, जड दगड मागे राहतात. मोठा दगड आणि मऊ चिखल एकाच जागी शांतपणे बसलेले असतील तर तो दगड पाण्याने ढकललेला नाही. त्यांनी निष्कर्ष काढला की हे बर्फाचं काम आहे. हिमनदी म्हणायचं मात्र त्यांनी टाळलं. नदीतळाशी किंवा काठाशी गोठलेल्या बर्फाने दगड उचलले आणि तरंगत नेऊन टाकले, एवढंच सुचवलं. लुई अगासीने युरोपातल्या हिमयुगाची कल्पना मांडून तेव्हा वीसेक वर्षंच झाली होती. ते हिमयुग भूशास्त्राच्या हिशेबात कालपरवाचं, आणि तेही थंड प्रदेशातलं. कोळशाच्याही आधीच्या काळात, विषुववृत्तापासून वीस अंशांवर बर्फ होता असं म्हणायला धाडस लागत होतं.

ते धाडस अंगी आणणारा पुरावा फ्रान्सिस फेडन यांना चांदा जिल्ह्यात मिळाला. १८७५ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या ‘रेकॉर्ड्स’मध्ये त्यांचा लेख छापून आला. जागा होती इरई गावाजवळची, चांद्याच्या पश्चिम-नैर्ऋत्येला दहाएक मैलांवर, पैनगंगेच्या काठी. (शहराजवळून वाहणारी इरई नदी आणि तिच्यावरचं धरण वेगळं, इथे गोष्ट गावाची आहे.) नदीने वरचा गोट्यांचा थर धुऊन नेला होता आणि खालचा चुनखडक उघडा पडला होता. त्या चुनखडकाचा पृष्ठभाग झिलई दिल्यासारखा गुळगुळीत होता आणि त्यावर लांब, सरळ, एकमेकांना समांतर ओरखडे होते. वरच्या थरातल्या गोट्यांवरही तसेच ओरखडे.

हा पुरावा इतका वजनदार का, हे नीट समजून घ्यायला हवं. नदीही खडक गुळगुळीत करते, पण नदीच्या पाण्याने घासलेला खडक गोलाईचा, खळग्यांचा होतो. त्यावर सरळ रेघा उठत नाहीत. जमिनीतल्या भेगेच्या दोन बाजू एकमेकींवर सरकल्या तरी ओरखडे पडतात, पण ते त्या भेगेपुरते. हिमनदीचं काम वेगळं असतं. तिच्या तळाशी दगड गोठून घट्ट बसलेले असतात आणि वरून शेकडो मीटर बर्फाचं ओझं असतं. ते दगड खालच्या खडकावरून एकाच दिशेने रेटले जातात. त्यामुळे खालचा खडक कोरला जातो आणि दगडाचीही एक बाजू घासून सपाट होते. दगड थोडा कलला की दुसरी बाजू सपाट होते, आणि दोन बाजूंच्या मधे कड तयार होते. असा कडा-कडांचा, रेघारेघांचा गोटा एकदा हातात घेतला की नदीतला गोटा आणि हा यांतला फरक बोटांनाच कळतो. तरंगत्या बर्फाने दगड आणून टाकता येतात, पण तळाचा खडक असा सलगपणे घासून काढायला जमिनीवर टेकून सरकणारा बर्फ लागतो. इरईला दगडही होते आणि घासलेला तळही होता.

गोट्यांच्या थराच्या वर तालचेरचा जो पातळ पापुद्र्यांचा शेल असतो, तोही या भागात उघड्या नाल्यांत पाहायला मिळतो. हिरवट रंगाचा हा दगड उन्हापावसाने फुटला की त्याच्या पेन्सिलीएवढ्या कांड्या पडतात. भूवैज्ञानिक त्याला सुईशेलच म्हणतात. बर्फ वितळून झालेल्या तळ्यांत आणि उथळ पाण्यात साचलेला हा गाळ. त्यात मधेच एखादा एकटा गोटा रुतलेला सापडतो, तरंगत्या हिमखंडातून सुटून खाली पडलेला. ब्लॅनफर्ड बंधूंचा तरंगता बर्फ चुकीचा नव्हता; तो हिमकाळाच्या शेवटच्या अंकातला होता.

फेडन एकटे नव्हते. त्याच सुमारास दक्षिण आफ्रिकेत नाताळमध्ये सदरलंड यांनी द्वायका नावाच्या गोट्यांच्या थराला हिमनदीचा ठरवलं होतं. दक्षिण ऑस्ट्रेलियात सेल्विन यांनी १८५९ मध्येच ओरखडे असलेला खडक नोंदवला होता, आणि अ‍ॅडलेडजवळ हॅलेट कोव्हला राल्फ टेट यांना १८७७ मध्ये इरईसारखीच घासलेली फरशी मिळाली. तीन खंडांवर एकाच काळाचा बर्फ, आणि तिन्ही ठिकाणं आजच्या उष्ण किंवा समशीतोष्ण पट्ट्यात. प्रश्न आता एका जिल्ह्याचा राहिला नव्हता.

तोवर वनस्पतींच्या बाजूनेही हाच प्रश्न उभा राहत होता, आणि त्याचं केंद्र होतं नागपूर. स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये मिशनरी म्हणून नागपुरात आले. त्यांना आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांना दगडांचा नाद होता. त्यांनी नागपूर, कामठी आणि दक्षिणेकडे चांद्याच्या वाटेवर जीवाश्म गोळा केले आणि लंडनला पाठवले. नागपूरच्या दक्षिणेला साठेक मैलांवरच्या मांगलीतून मिळालेल्या एका उभयचराच्या कवटीचं वर्णन रिचर्ड ओवेन यांनी १८५५ मध्ये ब्रॅकिऑप्स या नावाने केलं. हिस्लॉप यांच्या वनस्पती-जीवाश्मांवर चार्ल्स बनबरी यांनी १८६१ मध्ये लेख लिहिला. त्यांत मुख्य होतं ग्लॉसॉप्टेरिस: जिभेच्या आकाराचं लांबट पान, मधोमध ठळक शीर आणि दोन्ही बाजूंना जाळीसारख्या बारीक शिरा. हिस्लॉप १८६३ मध्ये टाकळघाटजवळची प्राचीन शिलावर्तुळं पाहून परतताना नदीच्या पुरात बुडाले. आणखी वीस वर्षं ते जगते तर विदर्भाच्या भूशास्त्राचं चित्र किती पुढे गेलं असतं, असं त्यांचं काम वाचताना वाटत राहतं.

हेच पान ऑस्ट्रेलियात सापडत होतं, दक्षिण आफ्रिकेत सापडत होतं, आणि प्रत्येक ठिकाणी गोट्यांच्या थराच्या वर, कोळशाच्या सोबत. १८७५ मध्ये, म्हणजे फेडन यांच्या लेखाच्याच वर्षी, हेन्री ब्लॅनफर्ड यांनी भारत आणि दक्षिणेकडचे भूभाग एके काळी जोडलेले होते असं मांडलं. मेडलिकॉट आणि फाइस्टमंटेल यांनी या थरांना गोंडवाना हे नाव रूढ केलं, आणि एडुआर्ड सुएस यांनी १८८५ मध्ये ते अख्ख्या लुप्त महाखंडाला दिलं. गोंड राजांची राजधानी राहिलेल्या चांद्याच्या मातीत बसून हे वाचताना अभिमान वाटणं स्वाभाविक आहे, पण सुएस यांचं गोंडवानालँड जागच्या जागी होतं हे लक्षात ठेवायला हवं. त्यांच्या मते मधला भूभाग समुद्रात बुडाला, खंड हलले नाहीत. त्यामुळे बर्फाचं कोडं सुटत नव्हतं. भारत आज जिथे आहे तिथेच तीस कोटी वर्षांपूर्वी असेल, तर चांद्यावर बर्फ आणि त्याच सुमारास युरोप-अमेरिकेत दलदलीची दाट जंगलं, हा उफराटा हिशेब कुठल्याही हवामानशास्त्रात बसत नाही.

आणि अंटार्क्टिका? त्या खंडाबद्दल तेव्हा जवळजवळ काहीच माहिती नव्हती. जेम्स क्लार्क रॉस यांनी १८४१ च्या जानेवारीत जहाजावरून व्हिक्टोरिया लँडची शिखरं पाहिली, तीच ट्रान्सअंटार्क्टिक रांगेची पहिली नोंद. त्यानंतर साठ वर्षं तिथे कोणी पाऊल टाकून आत गेलं नाही. स्कॉट यांच्या १९०१ ते १९०४ च्या मोहिमेतले भूवैज्ञानिक हार्टली फेरर यांनी तिथल्या आडव्या वालुकाश्मांना बीकन हे नाव दिलं आणि काही काळपट, अस्पष्ट वनस्पती-अवशेष आणले. ते ओळखता आले नाहीत. पंचवीसेक वर्षांनी, १९२८ मध्ये, एडवर्ड्स यांनी तोच नमुना पुन्हा तपासला तेव्हा त्यात ग्लॉसॉप्टेरिसच्या पानाचा तुकडा निघाला.

मधल्या काळात शॅकल्टन यांनी बियर्डमोर हिमनदीची वाट शोधली. १९०८ च्या डिसेंबरात, ध्रुवाकडे जाताना हिमनदीच्या वरच्या टोकाशी माउंट बकलीजवळ त्यांचे सोबती फ्रँक वाइल्ड यांना कोळशाचे थर दिसले. ध्रुवापासून जेमतेम पाच अंशांवर कोळसा! शॅकल्टन १९०९ च्या ९ जानेवारीला ८८ अंश २३ मिनिटांपर्यंत पोचून माघारी फिरले. स्कॉट यांनी त्यांचीच वाट धरली. ध्रुव गाठून, अमुंडसेन आधीच पोचल्याचं पाहून परत येताना १९१२ च्या ८ फेब्रुवारीला त्यांची तुकडी माउंट बकलीखाली थांबली. माणसं उपाशी होती, थकलेली होती, तरी त्या दिवशी त्यांनी दगड गोळा केले. एडवर्ड विल्सन यांना कोळशाबरोबरच्या दगडांत पानांचे ठसे मिळाले. पुढे सामान कमी करायची वेळ आली तेव्हाही हे सुमारे १६ किलो वजन त्यांनी स्लेजवरून उतरवलं नाही. मार्चअखेर तंबूत उरलेले तिघे मेले. नोव्हेंबरात शोधपथकाला तंबू सापडला, आणि त्यासोबत ते दगड. १९१४ मध्ये केंब्रिजच्या सिवर्ड यांनी त्यांचा अभ्यास छापला. ती पानं होती ग्लॉसॉप्टेरिस इंडिकाची, भारताच्या नावाची.

स्कॉट यांच्या शेवटच्या प्रवासावर जगभर पुस्तकं निघाली, त्यांत त्या दगडांचा उल्लेख बहुधा हट्ट म्हणून किंवा निष्ठा म्हणून येतो. मला तो सगळ्या ध्रुवीय शोधमोहिमांतला सर्वांत मोलाचा ऐवज वाटतो. ध्रुवावर झेंडा पहिला कोणी रोवला याने पृथ्वीबद्दल काही कळलं नाही. १६ किलो दगडांनी मात्र अंटार्क्टिका आणि वर्धा खोरं एका जंगलाखाली होतं हे सांगितलं.

गंमत अशी की त्याच १९१२ च्या जानेवारीत, स्कॉट ध्रुवाच्या वाटेवर असताना, आल्फ्रेड वेगेनर यांनी फ्रँकफुर्टमध्ये खंड सरकतात ही कल्पना जाहीर मांडली. १९१५ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. प्राचीन बर्फाचे पुरावे हा त्यांच्या युक्तिवादाचा कणा होता. दक्षिणेकडचे सगळे खंड एकत्र आणून दक्षिण ध्रुवाभोवती ठेवले की इरई, नाताळ, अ‍ॅडलेड आणि दक्षिण अमेरिकेतले ओरखडे एका टोपीखाली येतात. अशी मांडणी केली की वेगळ्या बर्फाची गरजच उरत नाही. दक्षिण आफ्रिकेचे अलेक्झांडर दु टॉइट यांनी १९३७ च्या ग्रंथात ही जुळणी थर न थर तपासून भक्कम केली. तरीही उत्तर गोलार्धातल्या बहुतेक भूवैज्ञानिकांनी दशकानुदशकं ती मानली नाही. खंड कशाने सरकतात, हे वेगेनर यांना सांगता आलं नाही, हा त्यांचा आक्षेप होता. आक्षेप खरा होता. पण ज्या लोकांनी तालचेरचा गोटा हातात घेतला होता त्यांना पर्यायी स्पष्टीकरणं किती लंगडी आहेत हेही दिसत होतं.

निकाल लागला १९६० च्या दशकात, समुद्रतळाच्या अभ्यासातून. त्याच दशकात ट्रान्सअंटार्क्टिक डोंगरांतही कामाला वेग आला. १९२९-३० मध्ये बर्ड यांच्या मोहिमेतले लॉरेन्स गुल्ड क्वीन मॉड डोंगरांपर्यंत कुत्र्यांच्या स्लेजवरून गेले होते. आता विमानं आणि हेलिकॉप्टरं होती. बियर्डमोरच्या परिसरात पॅगोडा नावाचा गोट्यांचा थर नकाशावर आला. तो तालचेरचाच समकालीन, आणि त्याच्याखालीही इरईसारखी घासलेली, ओरखडलेली फरशी आहे. १९६७ मध्ये पीटर बॅरेट यांना ग्रॅफाइट पीकवर जबड्याचा एक तुकडा मिळाला. तो मांगलीच्या ब्रॅकिऑप्ससारख्याच लॅबिरिंथोडॉण्ट उभयचराचा होता, आणि अंटार्क्टिकात सापडलेला जमिनीवरचा पहिला पृष्ठवंशी प्राणी ठरला. १९६९ च्या अखेरीस कोलसॅक ब्लफवर एडविन कोल्बर्ट यांच्या तुकडीला लिस्ट्रोसॉरस मिळाला. डुकराएवढा, दोन सुळ्यांचा हा शाकाहारी प्राणी आपल्याकडे दामोदर खोऱ्यातल्या पंचेत थरांतून आधीच माहीत होता. असा प्राणी महासागर पोहून जात नाही. उरलेसुरले बरेच विरोधक त्यानंतर गप्प झाले.

कोल्बर्ट यांचं नाव चंद्रपूर जिल्ह्यात वेगळ्या रीतीने कायमचं राहिलं आहे. वरोरा तालुक्यातल्या पिसदुऱ्याजवळ डोंगरगावच्या टेकडीत भारतीय सांख्यिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांना १९८० च्या दशकात एका मोठ्या शाकाहारी डायनासोरचा सांगाडा मिळाला. जैन आणि बंद्योपाध्याय यांनी १९९७ मध्ये त्याला कोल्बर्ट यांच्या सन्मानार्थ टायटॅनोसॉरस कोल्बर्टाय हे नाव दिलं. २००३ मध्ये संस्थेच्या आद्याक्षरांवरून तो इसिसॉरस कोल्बर्टाय झाला. पिसदुऱ्याच्या शेतांत डायनासोरांची अश्मीभूत विष्ठा मिळते, आणि २००५ मध्ये त्या विष्ठेत गवताच्या सूक्ष्म सिलिका कणांचा शोध लागल्यावर गवताचा इतिहास मागे न्यावा लागला. पण तो काळ बर्फानंतर तेवीस कोटी वर्षांचा. तोवर भारत अंटार्क्टिकापासून तुटून उत्तरेच्या वाटेवर बराच पुढे आला होता.

गडचिरोलीचा वाटा या कथेत दक्षिणेकडून येतो. भामरागड, सुरजागड, एटापल्लीचे डोंगर फार जुन्या खडकांचे आहेत, त्यांत हा इतिहास नाही. सिरोंचा तालुक्यात मात्र प्राणहिता-गोदावरीची खचदरी आहे. जमीन दोन बाजूंनी भेगाळून मधला पट्टा खाली बसला, त्यात बर्फाच्या काळापासून पुढे पंधरा-वीस कोटी वर्षं गाळ भरत राहिला. सिरोंचाच्या वर प्राणहितेच्या काठी कोटा गाव आहे. १८५० च्या सुमारास तिथे कोळसा मिळेल या आशेने डॉ. बेल यांनी बोअर घेतले. कोळसा लागला नाही, कारण तो थर कोळशाच्या कितीतरी नंतरचा, ज्युरासिक काळातला निघाला; पण तिथल्या चुनखडकातले चमकत्या खवल्यांचे मासे लंडनपर्यंत पोचले आणि कोटा हे नाव जगाच्या भूशास्त्रात गेलं. विल्यम किंग यांनी १८८१ मध्ये या संपूर्ण खोऱ्याचा अहवाल लिहिला. नदीपलीकडे, आजच्या तेलंगणात, पोचमपल्लीजवळ १९५८ ते १९६१ दरम्यान बारापासॉरसची हाडं निघाली. सिरोंच्याजवळ वडधमला अश्मीभूत लाकडांचे ओंडके उघड्यावर आहेत आणि तिथे जीवाश्म उद्यान केलं आहे. सिरोंच्याला जाणारा रस्ता लांबचा आहे, पण ज्युरासिक भारत पाहायला याहून चांगली जागा महाराष्ट्रात नाही.

आता कोळशाकडे वळायला हवं, कारण चंद्रपूरची रोजीरोटी त्यावर आहे आणि बर्फाशी त्याचं नातं फारसं सांगितलं जात नाही. बर्फ वितळला, जमीन दलदलीची झाली, नद्या सैरावैरा वाहू लागल्या, आणि त्या दलदलीत ग्लॉसॉप्टेरिसची जंगलं वाढली. हा कोळसा उष्ण कटिबंधातल्या जंगलाचा नाही. अंटार्क्टिकात माउंट अकर्नारवर त्या काळच्या झाडांचे बुंधे उभेच्या उभे दगड झालेले आहेत, आणि ती जागा तेव्हाही ध्रुवाजवळ होती. वर्षातले कित्येक महिने अंधार, आणि उन्हाळ्यात चोवीस तास ऊन. अशा ठिकाणी आज कुठेही जंगल नाही. थंडीआधी पानं गाळणारी ही झाडं होती, त्यांच्या खोडात वाढीची वलयं स्पष्ट आहेत. चंद्रपूर ध्रुवापासून तुलनेने दूर होतं, पण ऋतूंचा तोच कडकपणा इथल्या कामठी थरांतल्या लाकडांच्या वलयांतही दिसतो. भारतीय कोळशात राखेचं प्रमाण बऱ्याचदा ३५ ते ४५ टक्क्यांपर्यंत जातं, त्याचंही एक कारण इथेच आहे: खचणाऱ्या दरीत नद्या दलदलीवर सतत गाळ आणून टाकत होत्या आणि तो पाल्यापाचोळ्यात मिसळत होता. २,९२० मेगावॅटच्या चंद्रपूर वीजकेंद्राची राख जिथे साठते तिथल्या गावांना जे सोसावं लागतं, त्याची मुळं तीस कोटी वर्षांपूर्वीच्या त्या गढूळ पाण्यात आहेत. याने आजची जबाबदारी कमी होत नाही, पण हा कोळसा असा का आहे याचं उत्तर मिळतं.

अंटार्क्टिकात भारताला सर्वांत जवळची डोंगररांग मात्र ट्रान्सअंटार्क्टिक नाही. गोंडवाना जोडून पाहिलं तर आपला पूर्व किनारा पूर्व अंटार्क्टिकाला लागतो, आणि तिथे लॅम्बर्ट हिमनदीच्या काठी प्रिन्स चार्ल्स पर्वत आहेत. ऑस्ट्रेलियन तुकड्यांनी १९५० च्या दशकात तिथे कोळशाचे थर पाहिले. लॅम्बर्टची खचदरी महानदीच्या खचदरीशी, म्हणजे तालचेर ज्या दरीत आहे तिच्याशी, जुळते असं बहुतेक पुनर्रचना सांगतात. प्राणहिता-गोदावरीचं समोरचं टोक कुठे होतं यावर एकमत नाही. २०१२ पासून भारताचं भारती हे केंद्र लॅम्बर्टच्या बर्फाचं समुद्राकडचं तोंड जिथे आहे त्याच प्रिड्झ उपसागरावर आहे. १९८१ च्या डिसेंबरात पहिली भारतीय मोहीम गोव्याहून निघाली, डॉ. सय्यद झहूर कासिम तिचे नेते होते, आणि आजही ध्रुवीय संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र गोव्यात वास्कोला आहे. मैत्री केंद्र ज्या शिर्माखर ओएसिसवर आहे तिथले खडक फार जुने, आपल्या पूर्व घाटासारखे.

याहून आत, पूर्व अंटार्क्टिकाच्या मध्यावर, गाम्बुर्त्सेव्ह पर्वत आहेत. आल्प्सएवढी ही रांग सोव्हिएत तुकडीने १९५८ मध्ये शोधली, आणि ती आजवर कोणी डोळ्यांनी पाहिलेली नाही, कारण तिच्या शिखरांवरही शेकडो मीटर बर्फ आहे. २००८-०९ मध्ये विमानांतून रडारने तिचा नकाशा काढला गेला. २०११ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या अभ्यासाने दाखवलं की या पर्वताभोवती भेगांची मोठी प्रणाली आहे, ती भारतातल्या गोंडवाना काळच्या भेगांशी जोडलेली असावी, आणि तिनेच हे जुने डोंगर पुन्हा वर उचलले. ज्या ताणाने प्राणहितेची दरी खचली, त्याच ताणाचा हा दुसरा हात.

इतकं सगळं कळल्यावर इरईचं महत्त्व संपलं का? उलट वाढलं. तालचेरच्या बहुतेक जागी जो गोट्यांचा थर दिसतो तो हिमनदीने थेट टाकलेला नसून वितळत्या पाण्याने, घसरलेल्या चिखलाने पुन्हा हलवलेला आहे, असं अलीकडचे गाळखडकांचे अभ्यासक मानतात. उमरिया, मनेंद्रगढ, डाल्टनगंजच्या समुद्री जीवाश्मांवरून बर्फ वितळताना समुद्र आत शिरल्याचंही दिसतं. म्हणजे बर्फ प्रत्यक्ष खडकावर टेकला होता हे सांगणाऱ्या जागा भारतात हातावर मोजण्याएवढ्या. ए. जे. स्मिथ यांनी १९६३ मध्ये इरईची फरशी आणि गोट्यांचा थर यांची पुन्हा तपासणी करून हिमनदीचाच निर्वाळा दिला. तरी मोठा प्रश्न शिल्लक आहे: मध्य भारतावर एकच अखंड हिमचादर होती, की वेगवेगळ्या उंच भागांवरून उतरणाऱ्या अनेक हिमनद्या? ओरखडा फक्त रेषा सांगतो. बर्फ तिच्या कुठल्या टोकाकडे चालला होता हे ठरवायला खडकावरच्या चंद्रकोरी भेगा, झिलई आलेली बाजू आणि गोट्यांचा मूळ खडक शोधावा लागतो. हे काम एका जागेवरून होत नाही.

आणि इथे दोन गोष्टी तातडीच्या आहेत. इरईची फरशी ज्या चुनखडकाची आहे, तोच पैनगंगा चुनखडक गडचांदूर, आवारपूर, उपरवाहीच्या सिमेंट कारखान्यांचा कच्चा माल आहे. शिवाय चुनखडक पाण्यात विरघळतो. वरचं आवरण गेलं की पावसाळ्यामागून पावसाळा ओरखडे पुसट होत जातात. गोट्यांच्या थराखाली झाकलेला भाग तीस कोटी वर्षं टिकला, उघडा पडलेला भाग माणसाच्या हयातीतही बिघडू शकतो. लोणारला राष्ट्रीय भू-स्मारकाचा दर्जा मिळाला तसाच इरईला मिळायला हवा, आणि जागेभोवती खाणपट्टा देताना ही फरशी नकाशावर आधी आखलेली असायला हवी.

दुसरी गोष्ट बोअरच्या गाभ्यांची. कोळशाचा शोध घेताना ड्रिलची नळी तालचेरला लागली की खाली कोळसा नाही हे उघड होतं आणि बोअर तिथेच थांबवतात. वर्धा खोऱ्यात दशकानुदशकं असे बोअर घेतले गेले आहेत. प्रत्येकाच्या तळाशी हिरवट खडकाचा एखादा तुकडा आलेला असतो, नेमकी जागा आणि खोली नोंदलेला. कोळशाच्या दृष्टीने तो निरुपयोगी आहे. पण हे तुकडे एकत्र करून त्यांतल्या गोट्यांचा मूळ खडक आणि परागकण तपासले, आणि थर कुठे जाड कुठे पातळ हे आखलं, तर चांद्यावरचा बर्फ कुठून आला आणि कुठे गेला याचा नकाशा काढता येईल. त्यासाठी अंटार्क्टिकाला जावं लागत नाही. वेस्टर्न कोलफिल्ड्स (वेकोलि), भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्था आणि गोंडवाना विद्यापीठ यांनी बोअरचे तळाचे दोन-तीन मीटर टाकून न देण्याचं ठरवलं आणि तालचेर लागल्यावर निवडक ठिकाणी आणखी वीस-तीस मीटर खोल जाण्याचा खर्च उचलला, तरी हे काम पुढच्या हंगामात सुरू होऊ शकेल.